झोप आळसाची, झोप आजाराची

नगर जिल्ह्यात रब्बीच्या दिवसांत मध्यरात्र उलटून गेल्यावरही शिवारात बॅटऱ्या हलताना दिसतात. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मोटार चालू करून दारं धरायला जावंच लागतं. वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं, पाणी शेवटाला पोचलं की फावड्यानं दारं मोडून पुढच्या वाफ्यात सोडायचं. पाय चिखलात गारठलेले, पापण्या जड. तेवढ्यात शेजारच्या उसाची पाचट वाजते. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात हा आवाज बिबट्याचाही असू शकतो. छाती धडधडायला लागते, बॅटरी तिकडं वळते आणि झोप कुठल्या कुठं पळून जाते.

त्या क्षणी शरीराला खडबडून उठवणाऱ्या यंत्रणेत एका छोट्याशा रसायनाचा मोठा हात असतो. त्याचं नाव ओरेक्सिन. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या मोजक्या पेशीच ते तयार करतात. माणसात त्यांची संख्या साधारण सत्तर हजार मानली जाते. मेंदूतल्या एकूण मज्जापेशी आहेत सुमारे ८६ अब्ज! पण या मूठभर पेशींचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूत पसरलेले असतात. जागेपणी, विशेषतः हालचाल आणि सावधपणा असताना, त्या जोरात काम करतात आणि गाढ झोपेत जवळपास गप्प होतात. जाग आणणारी रसायनं मेंदूत इतरही आहेत. ओरेक्सिनचं काम त्या सगळ्यांना टेकू देण्याचं. हा टेकू असतो म्हणून आपण दिवसभर सलग जागे राहतो.

१९९८ मध्ये दोन गटांना हे रसायन स्वतंत्रपणे सापडलं. अमेरिकेत लुईस दे लेसिया आणि सहकाऱ्यांनी त्याला हायपोक्रेटिन म्हटलं. ताकेशी साकुराई आणि मासाशी यानागिसावा यांच्या गटानं ओरेक्सिन. सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष भुकेकडं होतं, कारण उंदरांना ते टोचलं की ते जास्त खात. तो अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. रक्तातली साखर उतरली की ओरेक्सिनच्या पेशी चेकाळतात. उपाशी प्राण्यानं झोपून चालत नाही, त्याला अन्न शोधायला निघावं लागतं. नवरात्रात मोहटादेवीला जाणाऱ्या कडक उपवासाच्या माणसाला रात्री लवकर झोप लागली नाही, तर त्यात या पेशींचाही वाटा असू शकतो.

पण ओरेक्सिन टेकू देतं, झोपेची थकबाकी फेडत नाही. जागरणाच्या प्रत्येक तासाबरोबर मेंदूत झोपेचा दाब साठत जातो. बिबट्याच्या भीतीनं तो घटकाभर मागं सरतो, एवढंच. दारं धरणाऱ्याचा मेंदू निरोगी असतो, त्याची रात्र फक्त हिरावून घेतलेली असते. म्हणून दिवसा लाईट मिळणं हा मला आरोग्याचाही प्रश्न वाटतो. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रायोगिक प्रकल्प २०१७ मध्ये याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत सुरू झाला, ही चांगली गोष्ट आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून जाणाऱ्या ऊसतोड टोळ्यांना मात्र अशी कुठली योजना नाही. गाडी रात्री ज्या वेळी फडावर येईल त्या वेळी उठून मोळ्या भरायच्या. त्यातही बाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरी थापते. तिच्या डोळ्यांवरच्या झापडीला आळस म्हणणं हा अन्याय आहे.

आळशीपणाचा हाच शिक्का आणखी एका माणसावर बसतो आणि तिथं कारण अगदी उलट असतं. त्या आजाराचं नाव नार्कोलेप्सी. यात ओरेक्सिनच्या पेशीच मरून जातात. बहुतेकदा सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयात होते. मुलगा रात्री पुरेसा झोपलेला असतो, तरी वर्गात, जेवताना, बोलता बोलता झोपतो. कोणी विनोद केला, तो खळखळून हसला की गुडघे लटपटतात, मान पडते, कधी जमिनीवर कोसळतो. या सगळ्यात शुद्ध मात्र पूर्ण असते, आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असतं. घरचे फिट समजतात, कोणी बाहेरचं म्हणतात. झोप लागताना किंवा उघडताना अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, खोलीत माणसं दिसतात. मग देवऋषी आलाच.

या आजाराचं कोडं कुत्र्यांनी सोडवलं. स्टॅनफर्डमध्ये एमॅन्युएल मिन्यो यांनी आवडतं खाणं समोर येताच कोसळणारे डॉबरमन वर्षानुवर्षं अभ्यासले. १९९९ मध्ये त्यांना आढळलं की या कुत्र्यांत ओरेक्सिनचा संदेश घेणारा ग्राहीच बिघडलेला आहे. पुढच्याच वर्षी कळलं की माणसांत ग्राही शाबूत असतो, पेशी मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास नष्ट झालेल्या असतात. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच पेशींवर उलटत असावी, असा दाट संशय आहे. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीत फिनलंड आणि स्वीडनमध्ये पँडेमरिक्स ही विशिष्ट लस घेतलेल्या मुलांत हा आजार वाढलेला दिसला, त्यामुळं तो संशय बळावला. मिन्यो आणि यानागिसावा यांना या कामासाठी २०२३ चं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं.

या ज्ञानातून औषधं दोन दिशांनी निघाली. ज्यांना झोपच लागत नाही, त्यांच्यासाठी ओरेक्सिनला अडवणारं सुवोरेक्सँट अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं. नंतर लेम्बोरेक्सँट आणि डॅरिडोरेक्सँट आली. नार्कोलेप्सीसाठी ओरेक्सिनची जागा घेणारी गोळी हवी. तिच्यावर अलीकडं मोठ्या चाचण्या झाल्या आणि निकाल आशादायक आहेत. तोवर मोडाफिनिलसारखी जाग टिकवणारी औषधं, ठरलेल्या वेळी छोटी डुलकी आणि रात्रीची नियमित झोप यांवर बरीच माणसं शिक्षण आणि नोकरी नीट करतात.

निदानासाठी मेंदूविकार किंवा निद्राविकार तज्ज्ञ रात्रभर झोपेची नोंद घेतात आणि दुसऱ्या दिवशी डुलक्यांची चाचणी करतात. या चाचणीपर्यंत रुग्ण पोचतच नाही, ही खरी अडचण. झोप येते एवढंच सांगितलं तर बहुधा रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून परत पाठवलं जातं. हसल्यावर पाय जातात, ही गोष्ट घरच्यांना दवाखान्यात सांगण्यासारखी वाटत नाही. तीच आधी सांगावी.