वाट पाहणारे यंत्र

२४ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रातील शास्त्रज्ञ मंगळयानाच्या वार्तेकडे डोळे लावून बसले होते. यानाचा रेडिओ-संदेश पृथ्वीवर पोहोचावयास त्या दिवशी सुमारे बारा मिनिटे लागत होती. प्रश्न विचारावा, उत्तर यावे आणि मग पुढची आज्ञा द्यावी, ही रीत तेथे उपयोगाची नव्हती. म्हणून इंजिन केव्हा पेटवावे व केव्हा विझवावे, याच्या आज्ञा यानावर काही दिवस आधीच पाठवून ठेवल्या होत्या.

हीच अडचण लहान प्रमाणात प्रत्येक संगणक-जाळ्यात आढळते. काचतंतूतून प्रकाश दर सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. बंगळुरूहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८४० किलोमीटर. तेव्हा तेथे प्रश्न धाडून उत्तर मिळण्यास निदान आठ सहस्रांश सेकंद हवेतच. आपल्याला हा काळ जाणवतही नाही. परंतु सेकंदास तीन अब्ज ठोके देणाऱ्या संगणकाचे तेवढ्यात सुमारे अडीच कोटी ठोके होऊन जातात! उत्तराची वाट पाहत तो थबकला, तर ते सारे वायाच गेले म्हणावयाचे.

थबकल्यावाचून वाट पाहण्याच्या या पद्धतीस ‘असिंक्रोनस’ म्हणतात. ती व्याख्यांपेक्षा चार-सहा ओळींच्या आज्ञावल्यांतून लवकर उमगते, असे आमचे मत आहे. पायथन भाषेत २०१४ पासून तिच्यासाठी ‘एसिंकआयओ’ हा संच आहे. प्रयोगास इंटरनेटही लागत नाही; १२७.०.०.१ या पत्त्यावर संगणक स्वतःशीच बोलू शकतो.

प्रथम एक-एक सेकंद थांबणारी दहा कामे एकापाठोपाठ एक करवावी. दहा सेकंद लागतील. मग तीच दहा कामे ‘गॅदर’ या आज्ञेने एकत्र सोडावी. सेकंदाहून किंचित अधिक काळात सर्व आटोपतात. येथे कोणतेही काम अधिक वेगाने झालेले नाही. चुलीवर आधण ठेवून गृहिणी भाजी चिरावयास घेते, तशी केवळ वाट पाहण्याची वेळ एकमेकींत मिसळली.

यानंतर प्रतिध्वनीची आज्ञावली लिहावी. जे येईल ते जसेच्या तसे परत धाडणे, एवढेच तिचे काम. जॉन पोस्टेल यांनी १९८३ मध्ये तिचा नियम जेमतेम पानभर मजकुरात लिहिला. ती आधी साध्या पद्धतीने लिहून पाहा. पहिला विद्यार्थी जोडणी करून गप्प बसला, की दुसऱ्याने कितीही अक्षरे पाठवली तरी उत्तर येत नाही. एका अबोल ग्राहकापायी सारी रांग खोळंबते. रेल्वेच्या आरक्षणात किंवा बँकेच्या व्यवहारात असे झाले तर काय अनर्थ होईल, ते सांगावयास नको. नव्या पद्धतीत आज्ञावली संगणकाच्या कार्यप्रणालीस सांगते, ‘यांपैकी ज्या तारेवर शब्द येईल, तिची मला वर्दी दे.’ १९८३ च्या बर्कले युनिक्समधील ‘सिलेक्ट’ या सोयीत ही सारी यादी दर वेळी तपासावी लागे. लिनक्समध्ये २००२ साली आलेली ‘ईपोल’ केवळ तयार असलेल्या जोडण्याच कळवते. जोडण्या दहा असताना हा भेद जाणवत नाही, दहा हजार असताना फार जाणवतो.

आता या आज्ञावलीत मुद्दाम एक दोष घालावा. ‘अवेट’सह लिहावयाच्या विश्रांतीऐवजी साधी ‘टाइम’ संचातील पाच सेकंदांची विश्रांती ठेवावी. तत्क्षणी सर्वच ग्राहक अडकतात! कारण येथे काम करणारा एकच आहे, आणि ‘अवेट’ हे आपली पाळी आपण होऊन दुसऱ्यास देण्याचे ठिकाण आहे. लांबलचक गुणाकार करीत बसणारी आज्ञावलीही अशीच सर्वांना अडवते. तेथे ही पद्धत कामाची नाही, त्यासाठी दुसरा प्रोसेसरच हवा.

अबोल ग्राहक आता इतरांना अडवीत नसला, तरी आपली जागा मात्र धरून बसतो. त्याच्यासाठी ‘वेट फॉर’ ही आज्ञा आहे. तिला तीस सेकंदांची मुदत द्यावी. तेवढ्यात एकही अक्षर आले नाही, तर जोडणी बंद करून जागा मोकळी करावी.