अकोल्याचा अर्ज, देशभरचा नकार

सरकारी अधिकाऱ्यावर झालेल्या कारवाईची माहिती मागा, ठरलेलं उत्तर येतं: ‘वैयक्तिक माहिती, देता येत नाही.’ खाली हवाला असतो सर्वोच्च न्यायालयाच्या 3 ऑक्टोबर 2012 च्या ‘गिरीश देशपांडे’ प्रकरणाचा. देशभरच्या कार्यालयांना पाठ झालेलं हे प्रकरण मूळचं विदर्भातलं.

ऑगस्ट 2008 मध्ये भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे गिरीश देशपांडे यांचा एक अर्ज गेला. अकोल्यात काम केलेल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याचे मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेल्या शिक्षा, मालमत्तेचा तपशील, इतकंच काय, मुलाच्या लग्नातला आहेरही त्यात मागितला होता. कार्यालयाने बरीचशी माहिती नाकारली, केंद्रीय माहिती आयोगाने ते उचलून धरलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात 2010 मध्ये याचिका आणि 2011 मध्ये अपील फेटाळलं गेलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा नोकर आणि मालक यांच्यातला मामला. व्यापक जनहित दाखवलं, तरच माहिती मिळेल.

आहेराची यादी नाकारली, ते ठीकच. पण जनतेच्या पैशातून पगार घेणाऱ्याला कामातल्या कसुरीबद्दल शिक्षा झाली, तर तो त्याचा खासगी विषय कसा? इथे मालक म्हणजे शेवटी जनताच.

वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या, माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ञ) ला तेव्हा एक परंतुक होतं: संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही, ती कोणालाही नाकारता येणार नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगवास झालेले माजी मंत्री सुरूपसिंग नाईक शिक्षेच्या काळात रुग्णालयात राहिले, तेव्हा त्यांच्या वैद्यकीय नोंदींच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये याच परंतुकाचा आधार घेतला होता. देशपांडे प्रकरणातल्या आदेशात त्या परंतुकाची चर्चाच नाही. आणि हवाला देणारी कार्यालयं जनहिताची अट सोडून फक्त नकार उचलतात.

आता वाट आणखी अरुंद झाली आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मधली दुरुस्ती नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. कलम 8(1)(ञ) मधली जनहिताची अट गेली, परंतुकही गेलं. उरलं ते कलम 8(2): संरक्षित हितसंबंधांना पोहोचणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठं असेल, तर माहिती देता येते.

कायद्यानुसार अर्जात कारण सांगावं लागत नाही, म्हणून बहुतेक जण जनहिताचा उल्लेखही करत नाहीत. नकार आला की मात्र तो करायलाच हवा, आणि तोही पहिल्या अपिलापासून: कोणता पैसा, कोणतं काम, कोणाचं नुकसान. दुसरं अपील 90 दिवसांत करायचं. राज्याच्या कार्यालयांसाठी नागपुरात माहिती आयोगाचं खंडपीठ आहे. कलम 23 मुळे दिवाणी दावा लावता येत नाही, त्यामुळे पुढे उच्च न्यायालयात रिट याचिका एवढाच मार्ग. तिथे न्यायमूर्तींपुढे खालचीच कागदपत्रं येतात, आणि अपिलात न मांडलेला मुद्दा त्या टप्प्यावर उभा करणं फार अवघड जातं.