काचपट्टीवरचा पिवळा थर

बीकरमध्ये कॅडमियमच्या क्षाराचे द्रावण घ्यायचे. त्यात अमोनिया घालायचा, मग थायोयुरिया. निर्मळ धुतलेल्या काचपट्ट्या त्यात उभ्या सोडायच्या आणि बीकर गरम पाण्यात ठेवायचा. थोड्या वेळाने द्रावण पिवळे पडू लागते आणि काचेवर कॅडमियम सल्फाइडचा थर धरतो. केसाच्या जाडीचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाहूनही तो पातळ असतो. असा थर सौरघटांत लागतो. दुसरी रीत फवाऱ्याची: तीनचारशे अंश तापवलेल्या काचेवर द्रावणाचे तुषार सोडायचे, पाणी उडून जाते, क्षाराचे विघटन होते आणि ऑक्साइडचा थर मागे राहतो. दोन्ही रीतींना महागडी निर्वात यंत्रे लागत नाहीत.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या पदार्थविज्ञान विभागाने या दोन रीतींवर आपले नाव उभे केले. प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. सी. एच. भोसले, प्रा. पी. एस. पाटील यांच्या प्रयोगशाळांतून सौरघट, वायू ओळखणारे संवेदक, सुपरकपॅसिटर यांसाठी लागणाऱ्या थरांवर पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींच्या पिढ्या बाहेर पडल्या. पुढच्या संशोधनासाठी त्यांतले कितीतरी दक्षिण कोरियाला गेले. शिराळा, कागल, आटपाडी अशा तालुक्यांतून आलेल्या मुलांसाठी सोलला जाणे ही आता ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. गावातल्याच कुणीतरी ती वाट चालून दाखवलेली असते.

या विद्यापीठाचा परिचय प्रयोगशाळेपासून करून देतो आहे, कारण त्याचा स्वभाव मला तिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतो. पैसा येईल तेव्हा काम सुरू करू, असे इथल्या चांगल्या माणसांनी म्हटले नाही. हाताशी होते त्यातून जगाच्या तोडीचे काम उभे केले.

हा स्वभाव विद्यापीठाहून जुना आहे. 1901 पासून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहायला मदत केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतली मुले, साऱ्यांसाठी बोर्डिंगे निघाली. खेड्यातल्या मुलाला शाळा परवडत नाही याचे खरे कारण शहरातला मुक्काम आणि जेवण हे आहे, हे त्यांनी ओळखले होते. त्यांतल्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहून गेला. त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र महाराष्ट्राच्या घराघरांत नेला.

विद्यापीठ मात्र उशिरा आले. राजाराम कॉलेज 1880 पासून होते, सांगलीचे विलिंग्डन 1919 पासून, पण पदवी मुंबई विद्यापीठाची आणि 1949 नंतर पुण्याची. यशवंतराव चव्हाण राजाराम कॉलेजातच शिकले आणि मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. ते मुख्यमंत्री असताना दक्षिण महाराष्ट्राला आपले विद्यापीठ मिळाले, यामागे ही आठवण नक्की असणार. 18 नोव्हेंबर 1962 ला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. सीमेवर चीनशी युद्ध पेटले होते आणि त्याच आठवड्यात यशवंतराव देशाचे संरक्षणमंत्री झाले. अशा दिवसांतही समारंभ पुढे ढकलला गेला नाही.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहासाचे अभ्यासक होते. ताराबाईंच्या काळातली कागदपत्रे त्यांनी संपादित केली आणि ती विद्यापीठाने छापली. शहराबाहेर सागरमाळावर सुमारे साडेआठशे एकरांचा उघडा माळ मिळाला होता. त्यावर इमारती, रस्ते, झाडे यांचा पाया त्यांच्या कारकिर्दीत घातला गेला. आज मुख्य इमारतीसमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. नव्या मुलाचा इथला पहिला फोटो त्याच्याच पुढ्यात निघतो आणि त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर जातो.

विद्यार्थी भवनाची ‘कमवा आणि शिका’ योजना ही या विद्यापीठाची माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट. त्यात निवड झालेली मुले दिवसातले काही तास विद्यापीठाच्या विभागांत काम करतात आणि उरलेल्या वेळात एम.ए., एम.एस्सी. पुरे करतात. फायली लावणे, नोंदी करणे, ग्रंथालयात पुस्तके जागेवर ठेवणे अशी ही कामे असतात. त्यात उपकाराचा भाव येत नाही, कारण पैसे कामाचे असतात. घरी दोन एकर कोरडवाहू असलेल्या मुलाला ‘घरून पैसे मागवावे लागत नाहीत’ हे वाक्य बोलता येणे किती मोठे असते, ते ज्याने बोलून पाहिले त्यालाच कळावे.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय हे त्यांचे दुसरे घर. अभ्यासिकेत कुणी नेट-सेटचा, कुणी एमपीएससीचा अभ्यास करत असतो. डबा बाहेर झाडाखाली उघडतो आणि पुन्हा खुर्ची गाठली जाते.

पण हे भाग्य थोड्यांचे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली अडीचशेहून जास्त महाविद्यालये विद्यापीठाला जोडलेली आहेत. 2004 मध्ये सोलापूरचे वेगळे विद्यापीठ झाले तरी पसारा मोठाच राहिला. जत किंवा चंदगडच्या मुलीसाठी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकीट, निकाल आणि गुणपत्रक. सागरमाळावर ती कधी येतच नाही, आली तर एखाद्या दाखल्यासाठी. या अंतराला थोडाफार पूल घालतो तो युवा महोत्सव. लोकनृत्य, मूकनाट्य, पथनाट्य, लघुनाटिका, वादविवाद यांसाठी लहान गावांतली कॉलेजे महिना महिना तालमी करतात. आधी जिल्हा पातळी, मग मध्यवर्ती महोत्सव. घरून सातच्या आत परत ये म्हणणारे वडील तेव्हा मुलीला एस.टी.त बसवून द्यायला येतात.

त्या उघड्या माळाचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. विहिरी, तलाव, शेततळी, पावसाचे पाणी अडवण्याची कामे यांतून परिसराने स्वतःच्या पाण्याची सोय केली. 2019 च्या महापुरात शहराचा पाणीपुरवठा बंद पडला, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी गत झाली, तेव्हा विद्यापीठातून टँकर भरून शहरात गेले. याच माळावर वनस्पतिशास्त्र विभागाची बाग आहे. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीतल्या, जगात दुसरीकडे न सापडणाऱ्या वनस्पती इथे आणून जपल्या. त्यांत खर्चुडीच्या जाती आहेत. कंदिलासारखे फूल, जमिनीत कंद. गुराखी पोरे तो कंद उकरून खातात. काही जाती इतक्या विरळ झाल्या होत्या की त्यांची रोपे वाढवून पुन्हा डोंगरावर लावावी लागली. कासचे पठार फुलांसाठी पाहायला जाणाऱ्यांना त्या फुलांची नावे शोधून देणारी माणसे या बागेत घडली, हे सहसा ठाऊक नसते.

2021 मध्ये नॅकने विद्यापीठाला 3.52 गुणांसह ए प्लस प्लस श्रेणी दिली. ती मिळवणारी माणसे बहुतेक त्या पिढीतली आहेत जिला तरुणपणी कायमची नेमणूक मिळाली. आज राज्यातल्या सर्वच सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि पीएच.डी. झालेली, नेट-सेट पास झालेली मुले तासिका तत्त्वावर, सी.एच.बी. म्हणून, दर तासाच्या मानधनावर शिकवतात. पुढच्या जूनमध्ये आपण असू का, याची त्यांना खात्री नसते.

इथे मला काटकसरीचा मुद्दा उलटा मांडावासा वाटतो. स्वस्त उपकरणांवर मोठे संशोधन होते, हे कोल्हापूरने दाखवले. पण त्या बीकरजवळ वीस-पंचवीस वर्षे कुणीतरी उभे होते. थर सोलून का निघतो, अमोनिया किती वाढवायचा, तापमान कुठे धरायचे, हे एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे देत राहायला माणूस टिकावा लागतो. खर्चुडीचे बी कोणत्या महिन्यात गोळा करायचे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दर वर्षी अर्ज करायला लावून चालत नाही. कोरियात गेलेल्यांपैकी परत येऊन इथेच शिकवू इच्छिणारे कमी नाहीत. त्यांच्यासाठी जाहिरात निघाली पाहिजे, मुलाखती झाल्या पाहिजेत आणि नेमणुकीच्या पत्रावर कायम हा शब्द असला पाहिजे. तीन जिल्ह्यांनी आपल्या आमदारांकडे रस्त्यांइतक्याच आवाजात मागावे असे हे काम आहे.