वारा आणि बलून

आकाशात संथपणे तरंगणारे बलून पाहिले, की एवढ्या उंचीवर त्यातील माणसांना केवढे भय वाटत असेल, असा विचार पाहणाऱ्याच्या मनात येतो. परंतु बलुनाची खरी कसोटी आकाशात नसते. ती जमिनीवर उतरताना असते.

बलुनाला सुकाणू नसते, वल्हे नसते. वारा नेईल तिकडे जावे, हाच त्याचा धर्म. चालक त्याला केवळ वर किंवा खाली नेऊ शकतो. बलून वाऱ्याच्याच वेगाने जात असल्यामुळे आतील प्रवाशांना वारा जाणवतही नाही. वारा ताशी 40 किलोमीटर वेगाने वाहत असला, तरी आपण निश्चल आहोत असेच त्यांना वाटते. ही शांतता फसवी असते. टोपली जमिनीला टेकताच थांबू पाहते. वरचा अवाढव्य फुगा मात्र थांबत नाही. तो आडवा होऊन गलबताच्या शिडाप्रमाणे वारा पोटात घेतो आणि टोपलीला फरपटत नेतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

याचा दारुण अनुभव फ्रान्समधील नादार या टोपणनावाच्या सुप्रसिद्ध छायाचित्रकाराला आला. त्याने सुमारे 6,000 घनमीटर वायू मावेल असे प्रचंड बलून बनवून त्याला ‘महाकाय’ अशा अर्थाचे नाव दिले. त्याखाली टोपलीऐवजी वेताचे दुमजली घरकुलच टांगलेले होते. 18 ऑक्टोबर 1863 रोजी नादार, त्याची पत्नी आणि इतर सात जण पॅरिसहून आकाशात निघाले. रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी सकाळी ते आजच्या जर्मनीतील नीनबुर्गनजीक उतरू लागले. तेथे वारा सोसाट्याचा होता. नांगर टाकले, ते तुटले. झडप उघडली, परंतु एवढा वायू तिच्यातून त्वरित बाहेर पडेना. घरकुल आदळत, उसळत माळरानावरून धावत सुटले. वाटेत लोहमार्ग आला. तेथे येणाऱ्या आगगाडीच्या चालकाने गाडी वेळीच थांबवली, म्हणून भयंकर अनर्थ टळला. अखेर झाडीत अडकून बलून थांबले, तोपर्यंत काही प्रवासी बाहेर फेकले गेले होते. नादार, त्याची पत्नी आणि इतरही काही जण जबर जखमी झाले. सुदैवाने प्राण मात्र सर्वांचे वाचले.

वायू झटपट बाहेर सोडण्याची एक युक्ती अमेरिकेतील जॉन वाइज याने 1839 मध्येच काढली होती. फुग्याच्या कापडाचा एक पट्टा दोरी ओढून उघडायचा, म्हणजे फुगा पाहता पाहता रिता होतो. पुढे ही युक्ती सर्वत्र रूढ झाली. आजच्या उष्ण हवेच्या बलुनातही दोरी ओढताच माथ्याचे भगदाड उघडते आणि गरम हवा निसटून जाते.

तथापि साधनांपेक्षा सावधगिरी श्रेष्ठ होय. दिवस वर आला, की जमीन तापते, तिच्यावरील हवा वर उसळते आणि वारा झोतांनी वाहू लागतो. म्हणून ही बलुने बहुधा सूर्योदयाच्या सुमारास उडवतात. त्याआधी एक लहानसा फुगा सोडून वाऱ्याची दिशा व वेग पाहतात. उतरताना प्रवाशांनी गुडघे किंचित वाकवून टोपलीतील कड्या घट्ट धरायच्या असतात. बलून थांबले, तरी चालकाच्या आज्ञेवाचून कोणीही बाहेर उडी घ्यायची नसते. एकाचे वजन कमी होताच हलके झालेले बलून पुन्हा उसळते आणि मागे राहिलेल्यांचे प्राण संकटात सापडतात. एकाची घाई अनेकांना भोवते, ती अशी.

वारा वाढलेला दिसला, तर कुशल चालक उड्डाणच रद्द करतो. दुरून आलेले प्रवासी निराश होतात, क्वचित रागावतातही. तरी तो आपला निर्णय बदलत नाही. वाऱ्यावर माणसाची सत्ता चालत नाही. परंतु त्याचा स्वभाव ओळखून केव्हा थांबावे, हे ठरवणे माणसाच्या हाती असते. उड्डाणाला जितके धैर्य लागते, तितकेच धैर्य कधी कधी न उडण्यालाही लागते.