राष्ट्रीयत्व : भारतीय
एका शब्दासाठी किती वर्षं थांबायचं?

दहावीचा निकाल लागला, की पिंपळनेरमध्ये ठरलेली धावपळ सुरू होते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा. त्यातच एक लांबलचक नावाचा कागद असतो. 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'! आपण त्याला नुसतं 'डोमिसाईल' म्हणून मोकळे होतो. आणि तो हातात पडायला आठ-पंधरा दिवस लागले, की 'केवढा हा उशीर!' म्हणून कुरकुरतो.

मित्रांनो, त्या नावातला मधला शब्द कधी नीट वाचलात का? राष्ट्रीयत्व! तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तसा रकाना असतो. त्यात 'भारतीय' असं लिहिलेलं असतं आणि आपण तिकडे ढुंकूनही पाहत नाही. आपल्याला तो शब्द पाळण्यातच मिळाला. पण तोच शब्द मिळवण्यासाठी काही माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं थांबतात. ती फार लांब राहतात असंही नाही. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतातून आलेली अशी कुटुंबं आपल्या शेजारच्या जळगावात आहेत, उल्हासनगरात आहेत, नागपुरातही आहेत.

सहा महिने ते बारा वर्षं

१९४७ साली फाळणी झाली आणि लाखो माणसं घरदार सोडून इकडे आली. सिंधमधून आलेल्या कितीतरी कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत जागा मिळाली. तेच आजचं उल्हासनगर. या लोकांचं काय करायचं, हे आपल्या राज्यघटनेनं ठरवून टाकलं. मूळ अखंड हिंदुस्थानातले जे लोक १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिले, ते नागरिक झाले. त्यानंतर आलेल्यांनी नोंदणी करायची होती. त्यासाठी आधी किती दिवस इथे राहिलेलं असावं? फक्त सहा महिने.

पुढे १९५५ साली नागरिकत्व कायदा झाला. कुणा परदेशी माणसाला अर्ज करून भारतीय व्हायचं असेल, तर एकूण पाच वर्षं भारतात राहिलेलं असावं, असं त्यात ठरलं. १९८६ मध्ये या पाचाची दहा वर्षं झाली आणि २००३ च्या दुरुस्तीनं बारा. अर्जाआधीचे बारा महिने सलग भारतात राहायचं आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं इथे काढलेली असायची, असा हा हिशेब. म्हणजे पहिलीत असताना मोजायला सुरुवात केली, तर बारावी संपेपर्यंत बोटं मोडत बसायचं!

ज्यांचे आईवडील अखंड हिंदुस्थानात जन्मले होते किंवा ज्यांचं लग्न भारतीय माणसाशी झालं, त्यांच्यासाठी नोंदणीचा वेगळा रस्ता आहे. तिथे सर्वसाधारणपणे सात वर्षं लागतात.

खरी वाट पुढेच!

आता तुम्ही म्हणाल, बारा वर्षं झाली, संपलं! छे, बरं का. बारा वर्षं झाली की नुसता अर्ज करता येतो.

समजा, असा एखादा माणूस आपल्या पिंपळनेरात राहतोय. त्याचा अर्ज धुळ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाणार. तिथे कागद तपासले जातात, पोलिसांकडून चौकशी होते. नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी साठ दिवसांत अर्ज राज्य सरकारकडे पाठवायचा आणि राज्य सरकारनं तीस दिवसांत दिल्लीला, म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. कागदावर हे सोपं दिसतं. पण एखादा कागद कमी पडला, एखाद्या ठिकाणी नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, की गाडी तिथेच अडकते.

सगळ्यात मोठी अडचण पासपोर्टची. भारतात दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही. जुनं सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो. पण जुन्या देशानं पासपोर्ट नवा करूनच दिला नाही तर? गायक अदनान सामी यांचं तसंच झालं. ते मार्च २००१ मध्ये भारतात आले आणि मुंबईत राहू लागले. मे २०१५ मध्ये त्यांच्या पाकिस्तानी पासपोर्टची मुदत संपली आणि तिकडून तो नवा करून मिळाला नाही. अखेर १ जानेवारी २०१६ पासून ते भारताचे नागरिक झाले. एवढ्या नावाजलेल्या माणसाला जवळजवळ पंधरा वर्षं लागली. मग छोट्या दुकानदाराचं काय होत असेल, विचार करा.

वाट थोडी कमी व्हावी म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये एक सोय झाली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांच्या अर्जांवर काही जिल्हाधिकाऱ्यांनाच निर्णय घेता येऊ लागला. महाराष्ट्रातले त्यातले जिल्हे होते मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर. धुळे-जळगावची नावं त्या यादीत नव्हती.

२०१९ च्या दुरुस्तीनं याच सहा धर्मांच्या, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या लोकांसाठी अकरा वर्षांची अट पाचांवर आणली. तिचे नियम यायला मात्र ११ मार्च २०२४ उजाडलं! गंमत म्हणजे या अर्जांसाठी जिल्ह्यात जी समिती असते, तिचे प्रमुख डाक खात्याचे अधिकारी असतात. या दुरुस्तीत मुसलमानांना का घेतलं नाही, यावरून देशभर मोठा वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं.

मराठी चालेल, अहिराणी नाही!

अर्जदाराला एक भाषाही यावी लागते. इंग्रजीच हवी असं मुळीच नाही. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात बावीस भाषा आहेत, त्यातली कोणतीही एक चालते. मराठी त्यात आहे. आपली अहिराणी मात्र त्या यादीत नाही. म्हणजे बाजारात अहिराणीत झकास घासाघीस करणाऱ्यालाही कागदोपत्री मराठी किंवा हिंदी दाखवावी लागेल! सगळ्यात शेवटी राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यायची, मग प्रमाणपत्र.

मराठी शिकून इथल्याच झालेल्या एक विदुषी तुमच्या आईबाबांना नक्की आठवतील. त्या म्हणजे गेल ऑम्व्हेट. अमेरिकेत जन्मल्या, महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला महाराष्ट्रात आल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या होऊन गेल्या. १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं.

मुलांचं काय?

आता तुमच्या वयाच्या मुलांबद्दल. जळगावात जन्मलेलं मूल भारतीयच असणार, असं तुम्हाला वाटेल. १ जुलै १९८७ पूर्वी तसंच होतं. भारतात जन्म म्हणजे भारतीय, परदेशी वकिलातींतल्या लोकांसारखे थोडे अपवाद सोडले तर. आता मात्र आईवडिलांपैकी निदान एक जण भारतीय असावा लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. दोघांचेही अर्ज अजून अडकलेले असतील, तर इथेच जन्मलेलं, इथल्याच शाळेत जाणारं मूलही परदेशीच ठरतं. पुढे आईवडील नागरिक झाले, की मुलासाठी पुन्हा वेगळा अर्ज!

तोवर अशी कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. मूल शाळेत जाऊ शकतं. २०१६ पासून पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानच्या अल्पसंख्याक कुटुंबांना बँकेत खातं उघडणं, राहण्यापुरतं घर घेणं, राज्यात फिरणं यांचीही मुभा मिळाली. पण मतदान नाही, भारतीय पासपोर्ट नाही. शिवाय मनात एक धाकधूक कायम. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारनं पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, तेव्हा ती किती वाढली असेल! हिंदू कुटुंबांचे दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहतील, असा खुलासा सरकारनं केला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

अशी वाट आपली मराठी मुलंही पाहतात, फक्त ती दुसऱ्या देशात. अमेरिकेत आधी कायम राहण्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड मिळवायचं, मग साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करायचा. पण नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला सुमारे सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतीय अर्जदार तर ढिगानं! त्यामुळे रांग कित्येक वर्षांची झाली आहे. लहानपणी आईबाबांबरोबर गेलेला मुलगा एकवीस वर्षांचा झाला, की सहसा त्यांच्या अर्जातून बाहेर पडतो. मग त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा मिळवावा लागतो, नाही तर ज्या देशाची धड आठवणही नाही तिथे परतावं लागतं.

कोणाला नागरिक करून घ्यायचं, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे आणि चौकशीही हवीच. पण 'हो' किंवा 'नाही' हे वेळेवर कळायला हवं, कारण अर्ज टेबलावर थांबला तरी मुलांचं वाढणं थांबत नाही.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर 'ए पाकिस्तानी' म्हणून चिडवू नका. त्यांच्या घरी कदाचित रोज पोस्टमनची वाट पाहिली जात असेल. त्यांना डब्यातली भाकरी द्या, खेळायला घ्या. कागद मिळेल तेव्हा मिळेल. मित्र व्हायला कुठलाच अर्ज करावा लागत नाही!