गोळी चालू ठेवून वजनाचं काय करायचं?

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो बैठकीत कुणी मोठ्यानं काढत नाही. बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळूच कानात विचारला जातो. "ताई, त्या डोक्याच्या गोळ्यांनी वजन वाढतं का हो?"

हो, वाढतं. सगळ्या गोळ्यांनी नाही आणि सगळ्यांचं नाही, पण पुष्कळजणींचं वाढतं. आणि त्यावर करण्यासारखंही बरंच काही आहे.

आधी आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगतो. तिला विचारूनच सांगतोय, नाव मात्र सांगणार नाही. वय चौतीस. काही वर्षांपूर्वी ती आजारी पडली. रात्र रात्र झोप नाही, कानात आवाज येतात म्हणायची, लेकरांकडं लक्ष नाही. आधी देवऋषी झाला, मग जिल्ह्याचा सरकारी दवाखाना. गोळ्या सुरू झाल्या आणि दीड-दोन महिन्यांत ती माणसांत आली. पुन्हा गटात येऊ लागली, हप्ता भरू लागली.

तेव्हा तिचं वजन ४८ किलो होतं. पहिल्यांदा सगळे म्हणाले, "बरं झालं, अंग धरलं." पुढं अकरा महिन्यांत काटा ६३ वर गेला. ब्लाउजच्या शिलाया दोनदा सोडल्या, तिसऱ्यांदा सोडायला कापडच उरलं नाही. मग तेच लोक म्हणू लागले, "काम नाही, नुसतं खाणं आहे." एका लग्नात पाहुण्या बाईनं विचारलं, "कितवा महिना?" आणि खोटं कशाला बोलायचं, आम्हीही बैठकीत हसत म्हणालो होतो, "काय गं, सुखाचं अंगाला लागलंय."

श्रावणात तिनं कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. दसऱ्याच्या आत पुन्हा तेच सुरू झालं. झोप गेली, आवाज आले, आणि एका पहाटे ती विहिरीजवळ सापडली. वेळेवर सापडली, म्हणून आज आम्ही हे सांगू शकतोय.

त्या दिवशी आम्हाला कळलं, की वजनाचा प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे. म्हणून आम्ही डॉक्टर मॅडमना भेटलो, विचारलं, समजून घेतलं. तेच आज सांगतोय.

वजन का वाढतं?

आपल्या घरावरच्या टाकीत फ्लोट असतो. टाकी भरली, की तो मोटर बंद करतो. पोट भरल्याची वर्दीही अशीच डोक्यापर्यंत जाते आणि हात थांबतो. यातल्या काही गोळ्या मेंदूतल्या ज्या जागांवर काम करतात, त्यात भुकेच्या जागाही येतात. त्यामुळं फ्लोट अडकतो. टाकी भरलेली, मोटर चालूच. म्हणून रात्रीची गोळी घेऊन तासाभरात बाई पुन्हा डबे उघडते. तो हावरटपणा नाही. तिला भूक खरीच लागलेली असते.

दुसरं कारण, काही गोळ्या शरीरात साखर वापरण्याच्या कामातही अडथळा आणतात. वजन फार वाढलं नसतानाही रक्तातली साखर वाढू शकते. तिसरं, गोळीनं सुस्ती येते आणि हालचाल कमी होते. चौथं, तोंड कोरडं पडतं. मग दिवसभर गोड चहा, सरबत, थंड बाटली सुरू होते.

यात एक गोष्ट चांगलीही असते. आजारात जेवण सुटलेलं असतं. बरं वाटल्यावर दोन-तीन किलो परत आले, तर ती तब्येत सुधारण्याची खूण आहे. प्रश्न त्याच्यापुढच्या वजनाचा आहे.

कोणत्या गोळ्या?

पाकिटावरचं नाव मुलीकडून किंवा आशाताईंकडून वाचून घ्या. ओलान्झापीन आणि क्लोझापीन या दोन औषधांनी वजन सर्वांत जास्त वाढतं. रिस्पेरिडोन आणि क्वेटियापीननं मध्यम. अरिपिप्राझोलनं बहुधा कमी. मूड सांभाळणाऱ्या औषधांत व्हॅल्प्रोएट आणि लिथियमनं वजन वाढू शकतं. उदासीच्या औषधांत मिर्टाझापीन आणि अमिट्रिप्टिलीननं वाढतं, फ्लुओक्सेटीननं सहसा कमी.

२००५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे आकडे प्रसिद्ध झाले. ओलान्झापीन घेणाऱ्या दर शंभरातल्या तीसजणांचं वजन ७ टक्के किंवा त्याहून जास्त वाढलं होतं. म्हणजे ५० किलोच्या बाईचं साडेतीन किलो आणि त्यावर. याचा दुसरा अर्थही बघा, सत्तरजणांचं तेवढं वाढलं नव्हतं. म्हणून नाव ऐकून घाबरू नका. क्लोझापीन तर बहुतेक वेळा दुसरी औषधं लागू पडत नाहीत तेव्हाच देतात, आणि ते कित्येकांना माणसांत आणतं.

गोळी का सोडायची नाही?

गोळी सोडल्यावर आजार लगेच परत येत नाही, हीच फसवणूक आहे. काही आठवडे बरं वाटतं. सुस्ती जाते, भूक कमी होते. वाटतं, उगाच घेत होतो. मग आजार येतो, आणि कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात. काही औषधं एकदम थांबवली तर त्याचाही वेगळा त्रास होतो. व्हॅल्प्रोएट अचानक सोडल्यानं फिट येऊ शकते. उदासीच्या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, चिडचिड, बेचैनी होते. निम्मी गोळी मोडून खाणं, एक दिवसाआड घेणं, हेही आपल्या मनानं करायचं नाही.

पण गोळी सोडायची नाही म्हणजे गप्प बसायचं, असंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं औषधाचे दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं?

दवाखान्यात गर्दी असते, दोन मिनिटं मिळतात, बोलायचं ते राहून जातं. म्हणून वहीत लिहून न्या:

१. गोळी सुरू झाली तेव्हा वजन इतकं होतं, आज इतकं आहे.
२. हे वजन या गोळीमुळं आहे का?
३. कमी वजन वाढवणारी दुसरी गोळी मला चालेल का? डोस कमी होईल का?
४. माझी साखर, चरबी आणि रक्तदाब तपासायचा का?
५. लिथियम चालू असेल, तर थायरॉईड तपासायचं का? लिथियमनं थायरॉईडचं काम मंदावू शकतं, आणि त्यानंही वजन वाढतं.
६. मेटफॉर्मिनचा मला उपयोग होईल का? ही मधुमेहाची जुनी गोळी आहे. औषधानं वाढणारं वजन आवरायला डॉक्टर कधी कधी ती देतात. ती शेजारणीकडून मागून घ्यायची नाही.

पाळी लांबली असेल तर तेही सांगा. रिस्पेरिडोनसारख्या औषधानं पाळी थांबू शकते. आणि दिवस राहिले असतील किंवा राहावेत असं वाटत असेल, तर ते सर्वांत आधी सांगा, विशेषतः व्हॅल्प्रोएट घेत असाल तर. त्यानं बाळात व्यंग येऊ शकतं.

मोजायचं काय?

वजन सर्वांत झपाट्यानं वाढतं ते पहिल्या काही महिन्यांत. म्हणून गोळी सुरू झाली त्या आठवड्यातच वजन लिहून ठेवा, आणि पहिले तीन महिने शक्य तर दर आठवड्याला करा. आशाताईंकडं किंवा उपकेंद्रात काटा मिळेल. काटा नसेल तर शिवणकामाची टेप आहेच. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचाच्या वर गेली, की साखर आणि हृदयाचा धोका वाढू लागतो.

उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायची वेळ. १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून उपचार सुरू करायचे. ही तपासणी सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि पुढं निदान वर्षातून एकदा व्हायला हवी.

खाण्याचं काय?

उपाशी राहू नका. फ्लोट आधीच अडकलेला, त्यात उपाशी राहिलं की रात्री दुप्पट जातं. जेवणाच्या वेळा ठरवा आणि ताटातला क्रम बदला. आधी काकडी-मुळा, पालेभाजी आणि मोडाची उसळ किंवा वरण, मग भाकरी. तीन भाकरी खात असाल, तर एकदम एकीवर येऊ नका. अडीच, मग दोन. भाकरी आणि भात दोन्ही पोटभर नको. मटकी, हरभरा, अंडं, ताक यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं.

चहाचा हिशेब करा. पाच कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत असेल तर उत्तम. तोंड कोरडं पडलं तर पाणी प्या, बडीशेप चघळा. रात्रीच्या भुकेसाठी फुटाण्याची वाटी, नाहीतर ताक काढून ठेवा, आणि बिस्किटाचा पुडा घरात आणूच नका. समोर असलं की हात जातोच.

उपासाचं तर आपण म्हणतोच, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर्स यांनी वजन उतरत नाही.

लिथियम घेणाऱ्या मैत्रिणींनी हे नीट ऐका. निर्जळी उपास करू नका, मीठ एकदम बंद करू नका, उन्हात पाण्यावाचून काम करू नका. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की रक्तात लिथियम वाढतं. हात फार थरथरले, उलट्या-जुलाब झाले, झोक जाऊ लागले, तर लगेच दवाखाना गाठा.

बाजारात वजन उतरवायच्या पावडरी आणि काढे मिळतात. पुड्यात काय आहे ते कळत नाही आणि आपल्या गोळीशी त्याचं जमेल याची खात्री नाही. ते पैसे उसळीच्या कडधान्यावर घाला.

चालायचं कधी?

तुम्ही म्हणाल, शेतात राबतो, आणखी काय चालायचं? राबत असाल तर छानच. पण आजारी बाईला घरचे शेतात पाठवत नाहीत. गोळीनं सकाळी डोळे उघडत नाहीत. तिनं सकाळचा हट्ट धरू नये. संध्याकाळी ऊन उतरलं, की दहा मिनिटं चालावं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावी आणि अर्ध्या तासावर यावं. एकटीनं होत नाही. कुणीतरी दारात येऊन "चल गं" म्हणावं लागतं.

२०१३ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. मोठा मानसिक आजार असलेल्या, गोळ्या चालू असलेल्या माणसांनी गटानं व्यायाम केला, गोड पेयं सोडली, ताटातला वाटा कमी केला. अठरा महिन्यांनी त्यांचं वजन इतरांपेक्षा सरासरी तीन किलोच्या थोडं वर जास्त उतरलं होतं. आकडा लहान वाटतो. पण ६० किलोच्या बाईचे तीन किलो म्हणजे ५ टक्के, आणि तेवढ्यानंही साखर व रक्तदाबाला फायदा होतो. मधे काटा दोन-तीन महिने हलत नाही. तेव्हा हार मानायची नाही. वाढ थांबली, हेही यशच आहे.

घरच्यांसाठी आणि आपल्यासाठी

घरातले लोक ती शांत राहावी म्हणून मागेल ते देतात, आणि मग जाड झाली म्हणून बोलतात. सासूबाई, दादा, हे दोन्ही थांबवा. तिच्यासाठी वेगळं पथ्याचं शिजवू नका, घरादाराचं ताट एकच करा.

आणि आपण बैठकीत वजनावरून कुणाला हसायचं नाही. आमच्या गटानं हे ठरवलंय. बैठकीला चहा अर्ध्या साखरेचा आणि फरसाणाऐवजी फुटाणे. बैठक सुटल्यावर सगळ्याजणी बंधाऱ्यापर्यंत चालत जातो.

आमच्या मैत्रिणीचं काय झालं? डॉक्टर मॅडमनी तिची गोळी हळूहळू बदलली, साखर तपासली, ती ११२ निघाली. आता दीड वर्षानं वजन साडेअठ्ठावन्न आहे, कंबर तीन इंचानं उतरली, साखर शंभराच्या आत आली. ४८ ती पुन्हा होईल असं आम्हाला वाटत नाही, तिलाही वाटत नाही. मागच्या महिन्यात तिनं दोन नवी ब्लाउजं शिवली, आजच्या मापाची. म्हणाली, "जुन्या मापात शिरायची वाट बघत किती दिवस उसवलेलं घालू?"

मैत्रिणींनो, गोळीबद्दल, मनाबद्दल काही विचारायचं असेल आणि दवाखाना लांब असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर लावा. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. गोळी सोडावी असं वाटलं, तर सोडण्याआधी लावा.

आणि उद्या संध्याकाळी, अशी कुणी मैत्रीण तुमच्या गल्लीत असेल, तर तिच्या दारात जाऊन एवढंच म्हणा, "चल गं, बंधाऱ्यापर्यंत जाऊन येऊ."