अभयारण्यावरील आकाश आणि ड्रोन

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हंटिंग्टन बीच शहरालगत बोल्सा चिका नावाचे संरक्षित पाणथळ क्षेत्र आहे. तेथे ड्रोन उडविण्यास मनाई होती. तरीही मे 2021 मध्ये एक ड्रोन पक्ष्यांच्या विणीच्या बेटावर कोसळला. शिकारी पक्षी झेपावल्याचे भय वाटून सुमारे 3,000 सुरय पक्षी बेट सोडून गेले आणि वाळूवर 1,500 ते 2,000 अंडी तशीच टाकलेली राहिली. बंदुकीची एकही गोळी न झाडता एका वसाहतीची वीण वाया गेली.

हा उपद्रव उघड दिसला. पुष्कळदा तो दिसतच नाही. अमेरिकेच्याच मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांच्या हृदयाची स्पंदने नोंदवून त्यांच्यावरून ड्रोन नेण्यात आले. या प्रयोगाचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. अस्वलांच्या हालचालींत क्वचितच फरक पडला, परंतु त्यांची स्पंदने मात्र वाढली. एका प्रसंगी तर ही वाढ मिनिटाला 123 ठोक्यांची होती. तेव्हा चित्रफितीत प्राणी स्वस्थ बसलेला दिसतो, एवढ्यावरून त्यास त्रास झाला नाही असे म्हणता येत नाही. ड्रोनवरील निर्बंधांमागचे खरे कारण हेच आहे.

आपल्या राज्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे हा प्रश्न सहज समजतो. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेले हे जलाशय राज्यातील पहिले रामसर क्षेत्र असल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले. हिवाळ्यात येथे चक्रवाक, थापट्या, वारकरी इत्यादी पक्ष्यांचे थवे उतरतात. दूरच्या प्रवासात खर्ची पडलेली शक्ती त्यांना येथे चरून भरून काढावयाची असते. थवा वारंवार उठविला गेला की चरण्याचा वेळ जातो आणि साठविलेली चरबीही उडण्यात संपते. काठावरून पाहणाऱ्यास मात्र एकाच वेळी उठलेला थवा म्हणजे सुंदर दृश्य वाटते, आणि ड्रोन उडविणाऱ्यास नेमके तेच हवे असते!

कायद्याविषयी बराच गैरसमज आढळतो. ड्रोन नियम, 2021 अन्वये आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केलेले आहेत. हिरव्या विभागात 400 फुटांपर्यंत उड्डाणासाठी परवानगी लागत नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी चालकाच्या प्रमाणपत्राचीही अट नाही. म्हणून नकाशा हिरवा आणि यंत्र लहान असले की सर्व मोकळे, अशी समजूत होते. परंतु हे नियम नागरी विमान वाहतुकीचे आहेत. विमानांची सुरक्षितता हा त्यांचा मुख्य विषय. खाली घरटे आहे की नाही, हे तो नकाशा सांगत नाही.

ते पाहणारा कायदा निराळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ड्रोनचे नाव नाही, कारण त्या काळी हे यंत्र प्रचारातच नव्हते. तथापि अभयारण्यात वन्यप्राण्यांना छेडणे या कायद्याने मना आहे. छायाचित्रणासाठी प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात. 2022 च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीची भर पडली, तीही अधिवासास बाधा न येण्याच्या अटीवर. पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे तर या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘शिकार’ या सदरातच येते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अधिनियमाच्या भंगाबद्दल साधारणतः 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अभयारण्यातील शिकारीस याहून कडक शिक्षा आहे.

किती उंचीवरून उडविल्यास चालेल, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अमेरिकेतील राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांच्या नियमात या बाबतीत फुटांचा आकडाच दिलेला नाही. ज्या उंचीवरून वन्यप्राण्यांना त्रास होतो त्या उंचीवरून विनापरवाना उड्डाण करण्यास तेथे मनाई आहे, आणि आश्रयस्थानात परवान्याविना यंत्र उतरविण्यास वा तेथून उडविण्यासही. हे मोजमाप अधिक योग्य वाटते, कारण घरट्यावर बसलेला पक्षी आणि पाण्यावर तरंगणारे बदक यांची सहनशक्ती सारखी नसते.

ड्रोन सर्वस्वी त्याज्य मात्र नाही. वणव्याचा शोध, गस्त व पाहणी यांसाठी वन विभागही त्याचा उपयोग करतो. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, आणि पिकांवरील फवारणीसाठी बचत गटांच्या महिलांच्या हाती तो आला आहे. अभयारण्यालगतच्या गावांत आता हे यंत्र रोजचे होऊ लागले आहे. अशा गावी फवारणीच्या ड्रोनचा मार्ग व वेळ ठरविताना विणीच्या जागा आणि थवे उतरण्याच्या वेळा वनरक्षकाकडून समजून घेता येतात. लग्नसमारंभाच्या चित्रीकरणासाठी बंधाऱ्यावर येणाऱ्या मंडळींना परवान्याची माहिती वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात मिळू शकते. यंत्र पिशवीतून बाहेर काढण्यापूर्वी ती विचारली जावी, यासाठी ग्रामपंचायतीने रस्त्याच्या तोंडाशीच फलक लावणे सोयीचे.